आतून बघावं लागेल

प्रयागबाई राणीसावरगावहून पहिल्या एसटीनं आल्या
वाटभर घोट घोट पाणी पीत.
गंगाखेडच्या स्टँडवर उतरल्या तेव्हा
मांड्या आवळून चालत होत्या.
गावात कुणी सांगितलेलं, फोटोला पोट तुंबलेलं लागतं.

मी म्हणाले, मागं संडास आहे, मोकळ्या होऊन या.
मॅडमला आतून बघावं लागेल.

‘आतून म्हंजी?’

या दोन शब्दांना अकरा वर्षांत
मी किती उत्तरं दिली असतील.
पहिल्यांदा सरळ सांगायचे,
बाया चपला घालून निघून जायच्या.
आता दांडी त्यांच्याच हातात देते.
बघा, धार नाही, सुई नाही, तुमच्या अंगठ्याहून जरा जाड.
मग तिच्यावर निरोध चढवते
तेव्हा काही जणी पदरात हसतात.
प्रयागबाई हसल्या नाहीत.
‘लाईट गेली मधीच, तर?’
एवढंच विचारलं.

बाहेर मालक बसलेले, मांडीवर पिशवी,
पिशवीत पिशवी काढायचे पैसे.
गर्भलिंगनिदान होत नाही, ही पाटी त्यांनी दोनदा वाचली
आणि कुणी न विचारता म्हणाले,
‘आमचं तसलं काही नाही, आम्हाला दोन्ही हायत.’

जुन्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: पिशवी सुजलेली, काढावी.
कॅन्सर हा शब्द तोंडी दिलेला.
त्या डॉक्टरांनी हात ठेवला होता तो
पातळावरून.

‘नको वाटलं तर आत्ता सांगा,’ मॅडम म्हणाल्या,
‘मधेच सांगितलं तरी मी थांबते.’
प्रयागबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं,
थांबते म्हणणारं माणूस खरं असतं का, असं.
मी खांद्यापाशी उभी राहिले.
हे काम माझ्या कागदात कुठं लिहिलेलं नाही.

गुडघे थरथरले, मग हळूहळू थांबले.
पडद्यावर करडा धुरळा,
धुरळ्यात मुठीएवढी पिशवी, जागच्या जागी, शांत.
दोन्हीकडे बीजकोश,
फोडलेल्या सीताफळात काळ्या बिया दिसाव्यात तसे.
सूज कुठंच नव्हती.
मॅडमचा हात थबकला.
मधोमध एक पांढरी रेघ, लखलखीत,
तिच्यामागं तिची सावली.

‘ताई, कॉपर-टी कधी बसवली?’
‘कुणाला?’

धाकट्याच्या वेळी, सरकारी दवाखान्यात,
आठवून आठवून सांगत होत्या,
नर्स म्हणाली होती, जरासं दुखंल.
‘मला वाटलं टाकेच घालायलीया.’
धाकटा आता पिकअप चालवतो.

मी सहसा पडद्याकडे बघत नाही.
माझी पिशवी एकोणतिसाव्या वर्षी काढली.
मशीन नव्हतं असं म्हणणार नाही, परभणीला होतं.
सकाळी अंगावर जातं म्हणून गेले,
दुसऱ्या दिवशी डब्यात घालून सासूला दाखवलं,
मला नाही दाखवलं.
त्यात काय होतं
हे मला आजही

असो.

दोरा आत गेलेला, वेळ लागला.
मग स्टीलच्या ट्रेत टिचकीएवढा आवाज आला.
तांबं काळं पडलेलं.
प्रयागबाई कोपरावर उठल्या, बराच वेळ बघत राहिल्या.
‘सतरा वर्षं माझ्यात व्हती माय,
आन् मलाच ठावं नव्हतं.’
मग हळूच, ‘मावशी, मी नेऊ का ही?’

नियमानं ती बादलीत जायला हवी.
मी धुतली, स्पिरिटनं पुसली, कापसात गुंडाळली.
वहीत लिहिलं: टाकून दिली.

बाहेर मालक उठून उभे राहिले,
पिशवी छातीशी धरून.
‘झालं का आपरेशन?’
‘झालं,’ त्या म्हणाल्या,
आणि रिकामी बाटली माझ्यासमोर धरली,
‘भरून दे माय, आता निवांत पिते.’